पेनासाठी सिरिंज: मेडिकलमध्ये काय मागायचं आणि घरी कार्ट्रिज कसं भरायचं

"कुणाला द्यायचंय?" मेडिकलवाल्या काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"पेनाला," मी म्हणाले.

संध्याकाळची आठची वेळ, माझ्या मागे चार गिऱ्हाइकं, आणि मी मागितलेल्या पाच सिरिंज, सुयांसकट. सोबत औषध काहीच नाही. काकांनी "संपल्यात" म्हटलं आणि मागच्या बाईंची चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला. सिरिंजचं खोकं त्यांच्या पाठीमागच्या फळीवर मला स्पष्ट दिसत होतं. घरी येईपर्यंत मी धुसफुसत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या दुकानात गेले, सोबत पेन आणि रिकामं कार्ट्रिज (पेनात बसणारी शाईची छोटी प्लास्टिकची नळी) नेलं, फक्त दोन सिरिंज मागितल्या आणि त्याही सुईशिवाय. दोन मिनिटांत काम झालं. तेव्हा लक्षात आलं की या सगळ्या प्रकरणात सिरिंजचं कुणालाच काही वाटत नाही, घोडं अडतं ते सुईपाशी. दुकानदार बिचकतो सुईला, आपल्या बोटाला टोचते सुई आणि कचऱ्यातून दुसऱ्याला इजा करते तीही सुईच. म्हणून पुढचं सगळं सुईभोवतीच फिरतं.

मुळात सिरिंज लागते का?

शाईपेन नव्याने घेतलं असेल तर ते उघडून बघा. आत कन्व्हर्टर, म्हणजे दट्ट्या फिरवून शाई ओढून घेणारी नळी, असेल तर निब दौतीत बुडवून शाई ओढता येते, सिरिंजची गरज नाही. जुन्या पद्धतीचं, थेट नळीतच शाई ओतायचं पेन असेल तर शाळेतला ड्रॉपर पुरतो. प्रश्न येतो तो कार्ट्रिजच्या पेनांचा. कंपनीची कार्ट्रिजं महाग पडतात, रंग मोजकेच मिळतात, आणि शाई संपली की प्लास्टिकची ती नळी कचऱ्यात जाते. तीच नळी धुऊन पुन्हा भरली की बाजारातली कुठलीही शाईपेनाची शाई वापरता येते. काही छोट्या, खिशात मावणाऱ्या पेनांत तर पूर्ण लांबीचा कन्व्हर्टर बसतच नाही, तिथे हाच मार्ग सोयीचा.

हिशोबही करून टाकू. ज्याला 'स्टँडर्ड इंटरनॅशनल' म्हणतात त्या आखूड कार्ट्रिजमध्ये साधारण पाऊण मिलीलीटर शाई मावते, लांब प्रकारात त्याच्या दुप्पट किंवा थोडी कमी. म्हणजे ६० मिलीलीटरच्या एका दौतीतून आखूड कार्ट्रिज ऐंशीच्या आसपास वेळा भरता येतं. रोज दोन पानं लिहिणाऱ्याला ती दौत कधी संपली ते आठवणारही नाही.

कायदा काय म्हणतो

भारतात सिरिंज आणि सुई ही कायद्याच्या दृष्टीने वैद्यकीय उपकरणं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालचे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ (लागू १ जानेवारी २०१८ पासून) यांच्या कक्षेत त्या येतात. ती बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर बंधनं आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत अशा गोष्टींची जी प्रसिद्ध यादी आहे, 'शेड्यूल एच', ती औषधांची आहे. रिकामी सिरिंज त्या यादीत नाही. तेव्हा पेनासाठी सिरिंज घेणं हा चोरून करायचा उद्योग नाही. उघड मागा, बिल घ्या.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, स्थानिक प्रशासन वेगळा आदेश काढू शकतं. २०१८ मध्ये पंजाबातल्या काही जिल्ह्यांत नशेखोरीला आळा घालायला चिठ्ठीशिवाय सिरिंज विकण्यावर बंदी घातली होती. तुमच्या जिल्ह्यात तसं काही असेल तर ते मेडिकलवाल्यालाच सगळ्यात आधी माहीत असतं, त्याला विचारा आणि तो सांगेल ते माना. दुसरी गोष्ट, असा आदेश नसला तरी दुकानदार आपल्या अकलेने नाही म्हणतो, आणि त्याला दोष देता येत नाही. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक कधीही दारात उभे राहू शकतात, आणि सुट्या सुया घेऊन जाणारा अनोळखी माणूस त्या कशासाठी नेतोय हे दुकानदाराला कसं कळावं? हुज्जत घालू नका, पुढच्या दुकानात जा.

मेडिकलमध्ये कसं मागायचं

दुपारी गर्दी नसताना जा. नेहमीचं दुकान असेल तर उत्तमच, कारण आईच्या गोळ्या तिथूनच येतात हे त्यांना ठाऊक असतं. पेन खिशात ठेवू नका, काउंटरवर ठेवा. लहान मुलांना या कामाला अजिबात पाठवू नका. वाक्य साधं: "काका, शाईच्या पेनात शाई भरायची आहे. तीन एमएलची सिरिंज सुईशिवाय मिळेल का?" बऱ्याच दुकानांत सिरिंज आणि सुई एकाच पाकिटात येतात. तसं असेल तर "सुई वेगळी करून तुमच्याकडच्या डब्यात टाकलीत तरी चालेल" असं म्हणून बघा. या वाक्याने दुकानदाराच्या चेहऱ्यावरचा संशय जातो तसा दुसऱ्या कशानेच जात नाही.

किंमत किरकोळ, चहाच्या कपाएवढी. दोन घ्या. शंभराचं खोकं घेऊन संशयही वाढतो आणि घरात पसाराही.

घेताना पाकीट वाचा. 'ऑटो डिसेबल' किंवा पुनर्वापर होऊ नये अशी सोय असलेली सिरिंज नको. लसीकरणात वापरतात ती हीच. दट्ट्या एकदा पूर्ण दाबला की तो आत अडकतो किंवा मोडतो, पुन्हा मागे येत नाही. रोग्यासाठी वरदान, पेनवाल्यासाठी निव्वळ प्लास्टिक. मी एकदा अशी घेऊन आले आणि पहिलंच कार्ट्रिज अर्धं भरल्यावर ती गप्प झाली.

इन्सुलिनची सिरिंजही नको. तिची सुई नळीला कायमची जोडलेली असते, केसासारखी बारीक असते आणि लांबीने आखूड. शाई त्यातून धार म्हणून येत नाही, रुसल्यासारखी थेंबथेंब येते. शिवाय घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर त्यांच्या आणि तुमच्या सिरिंजची सरमिसळ होणं हा भलताच धोका.

बोथट सुई कुठे मिळते

सुई नकोच म्हणावं तर एक अडचण आहे. सिरिंजचं पुढचं तोंड सुमारे चार मिलीमीटर जाड असतं आणि बहुतेक कार्ट्रिजांचं तोंड त्याहून लहान. पायलट कंपनीच्या कार्ट्रिजचं तोंड रुंद असतं, तिथे ड्रॉपरनेही भागतं. बाकीच्यांना काहीतरी बारीक नळी हवीच. ती टोकदार असायची मात्र काहीच गरज नाही. टोक तिरकं कापून धार काढलेली असते ती कातडीसाठी, आणि आपल्याला कातडीत काही घालायचं नाही.

बोथट सुया मिळतात. मोबाईल आणि सर्किट दुरुस्त करणारे फ्लक्स किंवा गोंद अचूक जागी सोडायला त्या वापरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली अशा इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारा. "गोंद सोडायची बोथट सुई, सिरिंजला बसणारी" एवढं सांगितलं की कळतं. दुसरा मार्ग कॉम्प्युटरच्या दुकानात: प्रिंटरची शाई भरायच्या किटमध्ये सिरिंज आणि लांब सुई बहुधा असते. किटमधली सिरिंज वापरा. किटमधली शाई पेनात घालू नका, ती निबेसाठी बनवलेली नाही. ऑनलाइनही बोथट सुया मिळतात, फक्त फोटोवर विसंबू नका, टोक बोथट आहे असं वर्णनात लिहिलेलं बघा.

जाडी 'गेज'मध्ये मोजतात आणि तिथे उलटा कारभार आहे: आकडा मोठा तितकी सुई बारीक. १८ गेज बाहेरून सव्वा मिलीमीटरची, २२ गेज ०.७ मिलीमीटरच्या जवळ, २६ गेज अर्ध्या मिलीमीटरहून कमी. पेनाला २१ ते २३ छान. वैद्यकीय सुयांच्या बुडाचा रंग ठरलेला असतो: २१ हिरवा, २२ काळा, २३ निळा. गोंदाच्या सुयांचे रंग मात्र याच ठरावाप्रमाणे असतील असं धरून चालू नका, आकडाच वाचा. लांबी आखूड कार्ट्रिजला एक इंच पुरते, लांबाला दीड इंच बरी.

फार जाड सुई घेतली तर काय होतं ते सांगते, कारण इथेच नवख्यांचे हात निळे होतात. कार्ट्रिजमध्ये शाई शिरते तेव्हा आतली हवा त्याच तोंडातून बाहेर पडायला हवी. सुईनेच तोंड बंद केलं तर हवेला वाट उरत नाही. ती आत दाबली जाते आणि तुम्ही सुई काढताच फुर्रकन शाई घेऊनच बाहेर येते. आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर एक जांभळा ठिपका आहे तो त्यातलाच.

बोथट मिळालीच नाही आणि टोकदारच वापरावी लागली तर नवी, सीलबंद घ्या. कुणी वापरलेली, दवाखान्यातून मागून आणलेली कधीच नाही. काही जण पक्कडीने टोक तोडतात. असं केलं की सुईचं छिद्र चपटं होऊन बंद होतं आणि तुटलेला तुकडा कुठे उडाला ते सापडत नाही. बारीक पॉलिश पेपरवर टोक हळूहळू घासून सपाट करणं त्यातल्या त्यात बरं. टोपण परत लावताना एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात टोपण असं करू नका. टोपण ताटात आडवं ठेवा, एका हाताने सुई त्यात सरकवा. मी हे शिकायच्या आधी डाव्या हाताच्या बोटावर एक निळा ठिपका चांगला आठवडाभर मिरवला आहे.

आता भरायला बसू

ओट्यापाशी बसा, पांढऱ्या चादरीवर नव्हे. स्टीलचं ताट, त्यात जुनं वर्तमानपत्र, बाजूला पाण्याची वाटी आणि फाटकं सुती फडकं.

आधी कार्ट्रिज धुवा. सिरिंजने साधं पाणी भरा, झटका, पुन्हा भरा. पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाणी नको, प्लास्टिक मऊ पडून तोंड सैल होतं. मग तोंड खाली करून रात्रभर कागदावर उभं ठेवा. थेंबभर पाणी राहिलं तर शाई किंचित फिकी येईल, बाकी काही नाही. मधल्या वेळात निबेचा भागही धुऊन घ्या: नळाच्या बारीक धारेखाली धरा आणि मागच्या बाजूने सिरिंजने पाणी सोडा. रंग बदलणार असाल तर हे टाळू नका, नाहीतर पहिली चार पानं निळ्या-लालच्या मधल्या कुठल्यातरी रंगात येतील.

भरताना कार्ट्रिज हाताने धरू नका, ते उभं राहील अशी सोय करा. मी लिंबाएवढा कणकेचा गोळा घेते आणि त्यात बूड रोवते. घट्ट बसतं, हलत नाही. (तो गोळा पोळ्यांच्या कणकेत परत टाकायचा नाही, हे आमच्या घरी एकदा मोठ्याने सांगावं लागलं.) तांदळाने भरलेली छोटी वाटीही चालते.

सिरिंजमध्ये एक मिलीलीटर शाई सावकाश ओढा. घाईने ओढली की फेस येतो. बुडबुडा आलाच तर सुई खाली ठेवून टिचकी मारा, बुडबुडा वर दट्ट्याकडे जाईल. तो दाबून बाहेर काढायचा हट्ट नको, इंजेक्शनच्या आधी डॉक्टर उडवतात तशी पिचकारी ओट्यावर उडेल. तो मागच्या मागे राहू दे.

सुई कार्ट्रिजच्या तळापर्यंत न्या आणि दट्ट्या अगदी हळू दाबा. शाई चढेल तशी सुई वर घ्या, म्हणजे हवा कोंडून राहत नाही. वरची दोन-तीन मिलीमीटर जागा रिकामी सोडा. काठोकाठ भरलं तर पेनात बसवताना शाई बाहेर येणारच.

बसवताना नवखे एक हमखास चूक करतात: पेनाचा निबेचा भाग हातात धरून भरलेलं कार्ट्रिज त्यात आडवं ढकलतात. त्यापेक्षा कार्ट्रिज कणकेत उभंच राहू द्या आणि निबेचा भाग वरून सरळ त्यावर दाबा. नव्या कार्ट्रिजचं सील फुटताना 'टक' असा आवाज येतो, भरलेल्याचा येत नाही, म्हणून थोडं जास्त दाबून खात्री करा. मग पेन निब खाली करून पाच-दहा मिनिटं टोपणासकट ठेवा. शाई उतरली नाही तर कार्ट्रिजला दोन बोटांनी हलकं चिमटा. आखूड कार्ट्रिजांत कधीकधी शाई मागच्या टोकालाच चिकटून बसते आणि पेन कोरडं चालतं. तेव्हा बोटाने ठोकलं की पुढे येते.

तेच कार्ट्रिज किती वेळा वापरावं? तोंड सैल झालं, पेनाच्या सांध्यापाशी शाई झिरपलेली दिसायला लागली, की फेकायचं. पांढरा शर्ट घालून ऑफिसला जाणाऱ्यांनी त्याआधीच.

शाईबद्दल थोडंच

बाटलीवर शाईपेनासाठी असं लिहिलेलं हवं. चित्रकलेची काळी वॉटरप्रूफ शाई, स्टँप पॅडची शाई, अॅक्रिलिक, हे सगळं निबेखालच्या खाचांत वाळून बसतं आणि पेन कायमचं जातं. आपल्याकडे सहज मिळणारी कॅम्लिनची 'कॅमल' शाई शिकायला अगदी योग्य: स्वस्त, पाण्याने धुऊन जाणारी. या कंपनीची सुरुवातच १९३१ साली मुंबईत दांडेकरांच्या 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुडी आणि गोळ्यांनी झाली. गोळी पाण्यात विरघळवून शाई करायच्या त्या दिवसांपुढे आपली सिरिंजची खटपट म्हणजे ऐषच म्हणायची.

आवरताना

सिरिंज लगेच धुवा, तीन-चार वेळा पाणी ओढून सोडा. शाई वाळली की दट्ट्या अडतो. अडतो म्हणून जोर लावाल, तर तो एकदम सुटतो आणि शाई छताला. काही महिन्यांनी रबर तसंही कोरडं पडून खरखरतं. तेव्हा सरळ नवी घ्या.

डब्यावर मोठ्या अक्षरात 'शाई' लिहा आणि तो मुलांच्या हाताबाहेर ठेवा. मी लिहिलं नव्हतं. कपाट पुसताना मावशींना सिरिंज दिसली आणि त्यांनी हळूच विचारलं, "ताई, शुगर निघाली का तुम्हाला?" तोवर खालच्या मजल्यापर्यंत बातमी गेली होती.

टाकायची वेळ आली की प्लास्टिकची सिरिंज आणि सुई वेगळी करा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या सुया-सिरिंज 'घरगुती घातक कचरा' या वर्गात घातल्या होत्या, म्हणजे ओल्या-सुक्या कचऱ्यात त्या जाऊ नयेत. आपल्या सुईला रक्त लागलेलं नसतं हे खरं. पण कचरा हाताने निवडणाऱ्या ताईला ते कसं कळणार? टोचल्यावर तिने दवाखाना गाठायचा, तपासण्या करायच्या, आणि निकाल येईपर्यंत जीव टांगणीला. म्हणून सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवा, झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर 'सुया' लिहा आणि ओळखीच्या दवाखान्यात विचारून तिथे द्या. त्यांच्याकडे सुयांसाठी न टोचणारा पांढरा डबा असतोच. बोथट सुईही याच बाटलीत टाका, बघणाऱ्याला ती सुईच दिसते.

गावाबाहेर जाताना

विमानात सुई हातातल्या बॅगेत ठेवू नका. चेक-इनमध्ये टाका, त्याहून बरं म्हणजे घरीच ठेवा. परदेशी राहणाऱ्यांनी तिथला नियम बघावा. अमेरिकेत सिरिंजविक्रीचे नियम राज्याराज्यांत वेगवेगळे आहेत आणि त्यावर पुन्हा औषधविक्रेत्याची मर्जी. तिथल्या हस्तकलेच्या दुकानांत बोथट सुईच्या गोंदाच्या बाटल्या मिळतात, त्यांनी काम भागतं. प्रवासासाठी मी कंपनीची दोन सीलबंद कार्ट्रिजं घेते, पेन पूर्ण भरते कारण आत हवा कमी असली की वर गेल्यावर गळतं कमी, आणि विमान सुटताना-उतरताना ते निब वर करून खिशात उभं ठेवते.